पंपहाऊसमधला जर्मन डबा

उमरग्याकडच्या एका पाणीयोजनेचं काम, मी जिथं नोकरीला होते त्या ठेकेदाराकडं होतं. पैसा सरकारचा. टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप चालू व्हावी आणि भरली की बंद व्हावी, एवढंच करायचं होतं. हे ज्या डब्याच्या जिवावर चालतं त्याला कंट्रोलर म्हणतात. तो निवडायचं काम मालकांनी माझ्यावर टाकलं आणि मी पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यातला निवडून पहिल्या गावात बसवला.

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी स्वदेशीची पत्रकं यायची. वडील ती वाटायचे, मी ती वाचत वाढले. त्यामुळं मालकांना वाटलं, पोरीनं घोषणेपायी देशी डबा घेतला. पण शेजारच्या योजनेवर परदेशी कंट्रोलर अडकला तेव्हा पासवर्ड कंपनीकडं, कंपनीचा माणूस हैदराबादला आणि गाव टँकरपुढं, हे मी बघितलं होतं. माझ्या डब्याचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर होता, सुटा भाग एसटीच्या पार्सलनं यायचा. योजनेतल्या उरलेल्या गावांनाही हाच मिळावा, एवढंच मला हवं होतं. ते सरकारी खात्याच्या वरच्या साहेबांच्या पाहणीत ठरणार होतं.

उन्हाळाभर पंपहाऊसचे पत्रे तापले, वीज गेली, आली. डबा चालत राहिला.

साहेब आले. त्यांनी बटणाकडं बोट नेलं तसे मोटार सांभाळणारे चाचा ओरडले, "हात नका लावू साहेब! जर्मन हाय!"

येईल तो बटण दाबून बघायचा, त्यावर चाचांनी काढलेला हा उपाय. सरपंचांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना लागू पडलेला.

साहेबांनी बोट मागं घेतलं. "तरीच! काय फिनिशिंग आहे बघा." बरोबरच्या मंडळींनी फिनिशिंग बघितलं. "बाकीच्या गावांनाही हाच टाका. फॉरेनचं ते फॉरेनचं."

मालकांनी मला कोपरानं ढोसलं. गप्प राहिले असते तर माझाच डबा गावोगाव बसला असता. पण जर्मन म्हणून.

"साहेब, हा आपला आहे. पुण्याकडचा."

साहेबांनी पुन्हा डब्याकडं पाहिलं. तेच दिवे, तीच बटणं.

"तरीच. जरा गरम वाटतोय."

"घरघरतोय पण," बरोबरचा एकजण म्हणाला.

"घरघर मोटारीची हाय साहेब," चाचा म्हणाले. "ती लई जुनी हाय."

कुणी ऐकलं नाही.

परतताना गाडीत मालक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला डबा हवा होता ना? मिळत होता की! आता लिहून द्या, देशी कंट्रोलर तांत्रिकदृष्ट्या अयोग्य. त्याशिवाय सरकारी पैशातून बाहेरचा घेता येत नाही."

"नाही देणार."

"मग दुसरा देईल."

दुसऱ्यानं दिलं. बाकीच्या गावांत परदेशी डबे बसले, मी नोकरी सोडली. त्या साहेबांचं पंधरा ऑगस्टचं स्वावलंबनावरचं भाषण मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं होतं, टाळ्याही वाजल्या होत्या. त्या भाषणापेक्षा मला त्यांच्या 'तरीच'चा संताप येतो. चांगला दिसला तेव्हा तरीच, वाईट दिसला तेव्हाही तरीच. मधल्या दोन मिनिटांत डब्यात एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

परवा चाचांकडं गेले. डबा चालू होता.

"आता काय सांगता लोकांना?"

"जर्मनच की. देशी म्हणलं की दाबायलेत."

चाचांवर मी आवाज चढवला नव्हता कधी, तेव्हा चढवला. मग गावातल्या दुकानातून लाल रंग आणि ब्रश आणला आणि डबा ज्यात बसवलाय त्या लोखंडी कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हा कंट्रोलर आपल्याकडं बनलेला आहे. हात लावू नका.'

चाचा लांबून बघत होते. "अक्षर चांगलं हाय ताई," ते म्हणाले. "पर मानतंय कोण?"

रंग ओला होता. मी 'आपल्याकडं'च्या खाली एक जाड रेघ ओढली.