दीड फेरा

उदारीकरणानंतर आबिड्स बाजारातल्या दुकानांत परदेशी यंत्रं दिसू लागली, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या नल्लकुंट्याच्या कॉलनीने मैदानासाठी पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र घेतलं. आग्रह माझाच होता. बतुकम्मा सणाच्या संध्याकाळी बायका या मैदानात फुलांचे मनोरे मांडून त्यांच्याभोवती फेर धरतात, आणि यंदा गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. विळ्याने कापणाऱ्या दोघांना मी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "यंदा येऊ नका."

सणाच्या सकाळी यंत्र सुरू व्हायचं, पण रेस दिली की घुसमटून बंद.

शेजारचे निवृत्त मास्तर मजा बघत उभे होते. "अजी साब, किताब पढे तो इंजन चलता क्या? नुक्कड के मेकॅनिक कू बुलाओ, कान लगाके सेट कर देता."

मी ऐकलं नाही. यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात आकडा छापलेला होता: कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा स्क्रू पूर्ण बंद करायचा, मग दीड फेरा उघडायचा. मी तीनदा बंद केला, तीनदा मोजून उघडला. तिन्ही वेळा तेच.

साडेदहाला बायको आली. "अहो, सगळ्याजणी मला विचारतायत. त्या दोघांना तुम्ही घालवलंत, आता मी काय सांगू?"

"दीड फेरा बरोबर आहे. मोजलाय मी."

"माझ्यासमोर मोजा."

मी स्क्रू पूर्ण बंद केला, तेव्हा त्याच्या डोक्यावरची खाच आडवी होती. मनगट वळेल तेवढं वळवलं, खाच पुन्हा आडवी झाली. "एक," मी म्हणालो.

"हा तर अर्धाच."

"खाच जागेवर आली ना!"

"खाचेला दोन टोकं असतात. त्यातलं कुठलं आलं?"

तिने घरातून नेलपॉलिश आणलं आणि खाचेच्या एका टोकाशी लाल ठिपका दिला. तो वाळेपर्यंत मी मनात गणित केलं. माझा दीड फेरा म्हणजे खरा पाऊणच. सकाळपासून मी इंजिनाला पेट्रोल कमी पाजत होतो आणि वर पुस्तकाचा दाखला देत होतो.

स्क्रू पुन्हा बंद करून उघडायला घेतला; ठिपका पूर्ण फिरून आला तो एक. आणखी अर्धा. दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं, रेस दिली तसं मोकळं गरजलं! आवाज किंचित फुटका वाटला म्हणून स्क्रू केसभर आणखी उघडला. तो मात्र कानाने. मास्तरांना मी ते सांगितलं नाही.

"चल गया साब, चल गया!" मास्तर ओरडले आणि स्वतःच गवत ओढायला दाताळं घेऊन आले.

साडेतीनला मैदान कोपऱ्यापर्यंत साफ झालं. दिवेलागणीला मधोमध फुलांचे मनोरे मांडले गेले. मी कुंपणाबाहेरून मोजले: एकवीस. फेर एवढा मोठा झाला की बायकांना दोन रिंगणं करावी लागली, आणि आतल्या रिंगणात माझी बायको सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.