झाडाला लागलेला पैसा

ऐन उन्हात शाळा सुटली की मी बोरीहून परभणीची बस धरतो. एकदा शेजारी एक बाई येऊन बसल्या. बोटं चिंचेनं काळी पडलेली, पायाशी चिंचांचं पोतं. रस्त्याकडेला चिंचेचं झाड दिसलं की त्या वाकून शेंड्यापर्यंत बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "दोन पोती निघतील." फुलोरा बघूनच झाडावरच्या चिंचा विकत घ्यायचा त्यांचा धंदा. अंदाज चुकला तर नुकसान त्यांचं.

मी पेंगत इंग्रजीचे पेपर तपासत होतो. प्रश्न नेहमीचाच, म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

"काय लिवलंय, सर?"

"पैसा काय झाडाला लागतो का, अशी इंग्रजीत म्हण आहे, मावशी. पोरं हट्ट करायला लागली की आईबाप म्हणतात. पैशाला कष्ट पडतात, असा अर्थ."

बराच वेळ त्या नखात अडकलेली चिंच काढत राहिल्या.

"बरोबर असंल. पण मला माझ्या पोरींला असं म्हणता येत न्हाई. त्यायनी पैसा झाडालाच बघितलाय. त्याच्यासाठी बाप वर चढायचा, ते बी बघितलंय. फांदी मोडून तो खाली आला, तवा त्या झाडाखालीच चिंचा वेचायल्या होत्या."

पुढच्या फाट्यावर त्या उतरल्या. पोतं मी बसच्या दारापर्यंत नेऊन दिलं.

ती म्हण मी अजून दरवर्षी शिकवतो. अर्थ फळ्यावर लिहून देतो. वाक्यात उपयोग करा, एवढं मात्र सांगवत नाही.