खुर्चीवरची मेथी

भुताखेतांवर माझा अजिबात विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. तरी लिहितेय, कारण सांगून सांगून नवऱ्याचे कान किटलेत.

मी सदाशिव पेठेत राहते. माझ्या सासूबाई — आम्ही आईच म्हणतो — वय एकोणऐंशी, जीभ पंचविशीतली. गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनआधी भुलीचे डॉक्टर म्हणाले, "यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, मेंदूला रक्त कमी पोचतं. भुलीनंतर काही दिवस गोंधळतील. बहुतेक जण सावरतात." मी त्या 'बहुतेक'पाशीच अडकले.

ऑपरेशन छान झालं. आई शुद्धीवर आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही किती करता हो माझं... बसा ना जरा."

लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. मी धावत नर्सकडे गेले — यांचं काहीतरी बिघडलंय. ती म्हणाली, "अहो, किती गोड बोलतायत आजी." तेच तर! बाहेर जाऊन रडले मी. मला नावानं हाक मारून टोमणे मारणारं ते माणूस परत येणार की नाही, हे कोणीच छातीठोक सांगत नव्हतं.

मग त्या चादर चिमटायला लागल्या. सारखं चिमटणं. डॉक्टर म्हणाले, गोंधळात पेशंट असं करतात. चष्मा लावा, ओळखीच्या वस्तू जवळ ठेवा. मी बोटांकडे नीट पाहिलं... आणि लक्षात आलं, या तर मेथी निवडतायत! आई आणि बाबा — म्हणजे माझे सासरे, त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली — रोज सकाळी समोरासमोर बसून भाजी निवडायचे. बाबा देठं लांब ठेवायचे आणि उरलेल्या काड्यांची दोऱ्यानं पुन्हा जुडी बांधायचे. आई त्यावरून रोज बोलायच्या. आता मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणत होत्या, "छान निवडताय हो." बाबा असते तर तेही घाबरले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवऱ्याला मार्केट यार्डला पिटाळून मेथी आणवली. पेपर पसरून अर्धी आईंपुढे ठेवली, उरलेली जुडी खुर्चीवर, आणि चहा प्यायला खाली गेले.

परत आले तर आईंपुढे पानांची छोटीशी रास. आणि खुर्चीवरची मेथीसुद्धा निवडलेली — देठं लांब, काड्यांची जुडी दोऱ्यानं बांधलेली, व्यवस्थित गाठ मारून. आईंच्या एका हाताला सलाईन, दुसरा खुर्चीपर्यंत पोचणं शक्य नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाई म्हणाल्या, इकडे कोणीच फिरकलं नाही. वॉर्डातल्या मावशींना विचारलं, तर, "माझ्या घरची निवडायला वेळ नाही, तुमची कुठं निवडू?"

तेवढ्यात आई खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "आयुष्यभर सांगितलं, देठं ठेवू नका. ऐकतील तर शपथ." आवाज अगदी जुना, खणखणीत. मग माझ्याकडे वळून, "आणि माधवी, तू काय बघत उभी राहिलीस? मेथी कधी बघितली नाहीस?"

इतका आनंद मला कुठल्याच कौतुकानं झाला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, गोंधळ ओसरायची वेळ आलीच होती. मान्य. जुडीच्या गाठीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही जरा झोप काढा."

घरी आल्यावर एकदा धीर करून आईंनाच विचारलं, "त्या दिवशी बाबा आले होते का हो?"

पुढ्यातल्या भाजीवरून नजरही न काढता त्या म्हणाल्या, "मी तरी भुलीत होते. तू शुद्धीवर होतीस ना? मग चहाला कशाला गेलीस?"