गादीखालचा बेसबॉल

कोजागिरी ते गुढीपाडवा या काळात आमच्या साडूंइतका रिकामा माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडणार नाही, आणि त्या रिकामपणाचा भार माझ्याइतका कुणी वाहिलेला नाही.

गृहस्थ बेसबॉलचे भक्त. इथं गल्लीतलं शेंबडं पोरही क्रिकेटवर बोलतं, पण यांना अमेरिकेतलाच खेळ लागतो. तिकडे संध्याकाळी सामना सुरू झाला की इकडे सकाळी साडेसातला हे फोन घेऊन बसतात. ते सहा-सात महिने मी सुखी असतो. मग तिकडचा मोसम संपतो आणि दुसऱ्याच दिवशी साडू पंचवटीतून स्कूटर काढून माझ्या दारात हजर. दोन वर्षांपूर्वीचा सामना फोनवर लावतात आणि वर मलाच बजावतात, "शेवट सांगू नका हं." मला काय कपाळ माहीत असणार शेवट! थंडीत तिकडे खेळाडू संघ बदलतात, त्याचं सुतक आम्ही पाळायचं. एका साखरपुड्यात यांनी जिलेबीचं ताट बाजूला सारलं, कारण यांचा लाडका डावखुरा दुसऱ्या संघानं नेला होता. मुलीचा बाप हात जोडून विचारतोय, आमचं काही चुकलं का? मला कुठं तोंड लपवू असं झालं.

पण गेल्या हिवाळ्यात कहर झाला. यांच्या अमेरिकेतल्या मुलीनं बेसबॉलचे दोन ग्लोव्ह पाठवले. एक यांचा, दुसरा ती आली की तिचा. चार वर्षांनी ती पाडव्याला येणार होती. नवं चामडं फळकुटासारखं कडक असतं म्हणे. त्याला तेल चोळायचं, आत बॉल ठेवून सुतळीनं आवळायचं आणि गादीखाली घालून महिनोन्महिने वर माणसानं झोपायचं. हे स्वतः पाठीच्या दुखण्यामुळे फळीवर झोपतात. म्हणून स्वतःचा राहू दिला कडक, पण लेकीचा ग्लोव्ह माझ्या गादीखाली! "साडूबुवा, तुमचं वजनही चांगलं आहे," म्हणाले. बायको म्हणाली, "भावोजींना काही बोलू नका." चादरीला खोबरेलाचे डाग पडले, मुंग्या झाल्या, माझ्या कमरेत उसण भरली. डॉक्टरांना कारण सांगायची सोय नाही.

शेवटी तोंडावर विचारलं, "तुमच्या लेकीचे लाड माझ्या कमरेवर कशाला?"

त्यांनी हातातला फोन खिशात घातला. मग म्हणाले, "मला कुठं कळत होता हो बेसबॉल? ती तिकडे गेली आणि फोनवर 'जेवलात का'च्या पुढं आमचं बोलणंच जाईना. तिला हा खेळ आवडायला लागला, म्हणून मी शिकलो. सामना असला की तीन तास बोलते. मोसम संपला की पुन्हा जेवलात का."

हे आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला? मला तर आणखीच राग आला.

होळीच्या आधी मुलीचा फोन आला. रजा मिळाली नाही, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या दिवशी साडू ग्लोव्ह न्यायला आले. मी गादी उचलली. ग्लोव्ह इतका मऊ झाला होता की बोटं घातली तर आपसूक मिटत होता. साडू तो नुसताच हातात धरून उभे राहिले.

"न्यायचा नाही," मी म्हटलं. "अजून कडक आहे. आणखी एक हिवाळा लागेल."

"पण तुमची कंबर?"

"कमरेचं माझं मी बघतो. सुतळी द्या इकडे."

त्यांनी बॉल आत ठेवला, मी गाठ मारली. सध्या मोसम सुरू आहे. सकाळी पंचवटीत बापलेकीच्या गप्पा रंगात येतात, त्या वेळेला मी इकडे कंबर धरून उठतो आणि साडूंना मनसोक्त शिव्या घालतो.