पिरोश्काबाईंचा पाचवा गट

हंगेरीतल्या शोप्रोनमध्ये जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सीमेपलीकडे ऑस्ट्रियात नोकरीला असतं. नातवंडं जर्मन बोलतात, म्हणून आजी-आजोबा उतारवयात जर्मन गिरवतात. त्यांना शिकवायच्या पिरोश्का हालमी. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. त्यात साठीला टेकल्यावर बाईंनी पीएचडीचं लचांड मागे लावून घेतलं.

बाईंचं म्हणणं एकच: म्हातारी माणसं नातवंडांचं निमित्त सांगतात, पण शिकायला येतात ती एकटेपणाला कंटाळून. ते सिद्ध करायचंच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. तीस प्रश्न काढून त्यांनी आपल्याच वर्गांतल्या नव्वद जणांना विचारले. कोणते प्रश्न एकमेकांच्या संगतीने चालतात ते संगणकाने तपासलं, तर पाच गट पडले. पाचवा गट निखळ एकटेपणाचा! बाई दिवसभर गुणगुणत होत्या.

"मस्त! आता लिहून टाका प्रबंध," त्यांच्याहून तरुण मार्गदर्शक देनेश म्हणाले.

"नव्वद कमी पडतात हो. माझे प्रश्न एकमेकांना घट्ट धरून नाहीत. इतक्या थोड्या माणसांत गट योगायोगानेही पडतो. तीनशे तरी हवीत."

"अहो, हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

पण ऐकतील त्या बाई कसल्या! हिवाळाभर त्या आसपासच्या गावांतल्या वर्गांना पोगाचा नावाचे छोटे खारे पाव घेऊन हिंडल्या. तोंडात काही पडल्याशिवाय कोण तीस प्रश्नांना भीक घालतो? तीनशे माणसं भरली आणि पाचवा गट विरघळून गेला. एकटेपणाचे प्रश्न चार दिशांना पांगले. बाईंना रडूच फुटलं.

पुढच्या तासाला आपल्या वर्गासमोर त्यांनी ते हसण्यावारी नेलं. "तुम्ही तेवढे माझ्या बाजूचे निघालात हं!"

तशी वर्गातल्या बोर्बाला आजी म्हणाल्या, "बाई, रागावू नका. ते प्रश्न वाचले नि कळलं, तुम्ही कुणाबद्दल विचारताय. मग आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ठरवलं, 'हो' लिहायचं. तुम्हाला वाटायला नको, की आपण एकट्याच आहोत."

असली उत्तरं प्रबंधात चालत नाहीत. बाईंनी सगळीच्या सगळी नव्वद काढून टाकली. आता तेवढीच नवी माणसं हवी होती, जर्मन शिकणारी, पण बाईंना अजिबात न ओळखणारी.

त्यातली पहिली सहा बाईंच्या इमारतीतच सापडली.