गेनूतात्यांची तहानलेली संत्री

कुणी मोसंबी खाताना दिसला की गेनूतात्या थांबत आणि त्याची कीव करत. "त्याला सुरी लागती. संत्र्याला अंगठा पुरं," एवढे बोलून पुढे चालू लागत. कळंब गावात निम्म्या लोकांनी संत्रे पाहिलेही नव्हते, त्यामुळे वाद घालायला कुणी नसे.

तरुणपणी रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला ते नागपूरकडे गेले होते. तिथे एक संत्रे खाल्ले आणि पुढचे आयुष्य त्याच्याविषयी बोलण्यात घालवले. मी शाळेवर नवा आलो, त्यांच्या घरी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी मला ऐकावे लागले. "मास्तर, नागपुरी संत्र्याला देठापाशी जरा उंचवटा असतो. साल आतल्या फळाला चिकटून न्हाय, सदऱ्यावानी सैल. आत धा-अकरा फोडी. गोड, पर आंबटपणा सोडत न्हाय. माणसानं बी असंच असावं."

"ह्यांच्यात आंबट तेवढं आलंय," त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, आतून म्हणाल्या.

एकोणीसशे तिसाच्या सुमारास पाटाच्या पाण्यावर साऱ्या गावाने ऊस लावला. तात्यांनी साठीत संत्र्याची चाळीस कलमे लावली. "आपल्या मातीतली एक फोड तोंडात पडली की मी मोकळा," म्हणायचे. पाचव्या वर्षी, चैत्र संपताना, त्यांनी बागेचे पाणी तोडले. बहार धरायचा तर झाडाला मृगापर्यंत तहानलेले ठेवावे लागते, त्याला ताण देणे म्हणतात, हे मला पुढे कळले. पाटकरी पाण्याची पाळी सांगायला आला, तर तात्या "नगं" म्हणाले. पाटाच्या पाण्याला नको म्हणणारा माणूस बघायला बावड्याहून लोक आले.

पाने वळू लागली. गावाला ते बघवेना. सगळ्यांची हयात कोरडवाहूत गेलेली. तहानलेल्याला पाणी पाजावे, एवढे एकच पुण्य आम्हाला ठाऊक. तात्या लेकीकडे डाळजला गेले त्या दिवशी आम्ही पाटकऱ्याला गाठले आणि सगळी बाग पोटभर भिजवली. खोरे घेऊन पाण्याची दारे धरायला मीच उभा होतो.

दिवस मावळायच्या आत तात्या परतले. बांधावरच त्यांची वहाण चिखलात रुतली. आम्ही शाबासकीची वाट बघत उभे. त्यांनी झाडांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. "तुमी पाणी पाजलंत. पाण्याला वाईट म्हणू न्हाय," म्हणाले आणि सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. मग मला बाजूला घेतले. "बहार गेला, मास्तर. आता आनखी वरीसभर जगायला लागतंय." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

झाडे हिरवीगार झाली. फूल एक नाही.

पुढच्या वर्षी ताण बसला तेव्हा तात्यांनी अंथरूण धरले होते. आता गावच राखणीला बसले. कुणी वाटसरू बागेत चूळ भरू लागला तरी लोक अंगावर धावून जात. मी रोज जाऊन सांगे, "तात्या, पाने वळली." ते म्हणत, "वळू द्या." वैशाखात एका सकाळी त्यांनी विचारले, "कुणी पाजलं तर न्हाय ना?" मी नाही म्हणालो. दुपारी ते गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. थोरल्या लेकाने त्यातली मूठभर आणून बागेतल्या पहिल्या झाडाच्या बुंध्याशी घातली आणि रीतीप्रमाणे वर तांब्या कलता केला. काकींनी त्याचा हात धरला.

"पाणी नगं घालू, बाळा. मृगाला अजून बारा दिस हायती."