फौजींची सुरगाठ

फौजींनी हयातीत स्वतःच्या हाताने निरगाठ मारली नाही. बुटाची नाडी असो, जोंधळ्याच्या पोत्याचे तोंड असो किंवा सायकलला मागे बांधलेला डबा असो, सर्वत्र सुरगाठ. एक टोक ओढले की सारे मोकळे. माझ्या अर्जांचा आवळून बांधलेला गठ्ठा त्यांनी एकदा पाहिला, निमूटपणे सोडला आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधला. म्हणाले, "वकीलसायेब, बांधताना सोडायचं आदी बघावं." मी वकील नव्हे. साताऱ्यास कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस. शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु माझ्या मजकुरात आजवर एकाही साहेबास त्रुटी काढता आलेली नाही. सबब हे संबोधन मी कधी नाकारले नाही.

लग्नाचा विषय निघाला की ते आत चुलीपाशी बसलेल्या वहिनींकडे पाहून म्हणत, "आमच्या जल्मात एकच निरगाठ बसली. तीबी भटजीनं मारली, मी न्हाई." वहिनी आतून उत्तर देत, "आवं, मग सोडून बगा की!" हा संवाद आमच्या चाळीत इतक्यांदा झाला होता की शेजारची माणसे तो त्यांच्याआधीच पूर्ण करीत.

या सवयीचे मूळ सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या त्यांच्या गावी होते. त्यांचा धाकटा भाऊ पुराच्या पाण्यातून म्हैस काढावयास उतरला. दावे निसटू नये म्हणून त्याने ते मनगटाला गुंडाळले. पुढचे फौजी एकाच वाक्यात सांगत, आणि दर वेळी तेच वाक्य सांगत: "म्हस काठाला आली, मागनं दाव्याला भाऊ आला." बाजारात कोणी बोकडाची दोरी हाताला गुंडाळून उभा दिसला, तर ओळख असो वा नसो, फौजी जाऊन ती उलगडीत. एकदा एक जण चिडून म्हणाला, "बोकड माजं, हात माजा, तुमचं काय जातंय?" फौजी म्हणाले, "माजं जायाचं ते गेलं. तुजं हाय."

सैन्यात ते विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्या पलटणीत होते. निवृत्तीनंतर, एकोणीसशे नव्वदच्या सुमारास, त्यांनी कोठूनसे भंगारात निघालेल्या छत्रीचे कापड आणले आणि शिंप्याकडून त्याची अवाढव्य वावडी, म्हणजे थोरला पतंग, शिवून घेतली. आम्ही लहानपणी उडवीत असू ती वावडी पोरास ओढत नेई; ही जाणत्या पुरुषास पाण्यावरून ओढून नेत असे. कमरेला जाड कॅनव्हासचा रुंद पट्टा, पट्ट्याला सुरगाठीने बांधलेले वावडीचे दोर, पायांखाली सागाची फळी. पश्चिमेचा वारा धरणाच्या तलावावर उतरला की फौजी पाणी कापीत निघत. काठावरची म्हातारी माणसे ओरडत, "फौजी, इमान कवा सुटणार?" फौजी पाण्यातून उत्तर देत, "तुला घिऊनच सुटनार हाय, गड्या! बायकोला इचारून ये!"

कॉलेजातले तरुण शिकावयास येत. परंतु फौजी त्यांना प्रथम चालवावयास शिकवीत नसत, सोडावयास शिकवीत. गवतावर उताणे निजवून डोळे मिटावयास लावीत आणि पट्ट्याच्या उजव्या अंगास लोंबणारे सुरगाठीचे टोक ओढून घेत. टोकाला एक लाकडी मणी ओवलेला असे, म्हणजे हाताला अंधारातही सापडावा. त्यांचा क्रम ठरलेला होता: "आदी कापड सोडायचं. मग फळी. मग लाज. जीव तेवढा धरायचा." लाज कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, "लोक बगत्यात म्हणून माणूस सोडत न्हाई, वकीलसायेब. बुडनारा निम्मा लाजंनं बुडतो."

त्यांना भय एकाच जागेचे होते. तलावाच्या पूर्वेस धरणाची भिंत आहे. वारा चढला की लाटा तिच्या दगडी उतारावर येऊन फुटतात. "मोकळ्या पान्यातली लाट उचलती," ते म्हणत, "फुटनारी लाट आपटती. तितं वावडी घिऊन जायचं न्हाई. गेलाच, तर कापड सोडून लाटंच्या खालनं बुडी मारायची. तोंड दाखवायचं न्हाई तिला." चाकू जवळ का ठेवीत नाही, यावर ते हसत. गाठ नीट असली की चाकू कशाला?

हे सारे ज्ञान त्यांनी गावाला वाटले. घरात मात्र यातील अक्षरही नेले नाही. वहिनी काळजी करतील म्हणून ते सांगत, "आगं, झोपाळ्यावानी अस्तंय." वहिनींनी ते खरे मानले. पट्ट्याची गाठ ही बांधून ठेवणारी गाठ आहे, एवढेच त्या समजून होत्या. ती सुटण्यासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. फौजींनी पट्टा चढविला, तेव्हा गाठीभोवती पांढरे सूत दिसले. वहिनींनी वडाला गुंडाळून उरलेले सूत, उपास सोडण्यापूर्वी, पतीच्या रक्षणार्थ तेथे सात वेढे देऊन बांधले होते.

"काढा ते," मी म्हणालो.

फौजींनी बोट लावले. थांबले. "वडाचं सूत हाय, रं. बाईमानसाचा उपास हाय त्यात. म्या कसं तोडू?"

"मग गाठ?"

"सूतच ते. वडलं की तुटतंय."

आयुष्यभर परक्यांच्या मनगटावरच्या दोऱ्या उलगडणारे ते हात त्या सुतावरून नुसते फिरले आणि बाजूला झाले.

पहिल्या फेऱ्या सुरळीत झाल्या. मग वाऱ्याचा एक झोत असा आला की वावडी आडवी झाली आणि फौजींना भिंतीच्या रोखाने ओढू लागली. त्यांचा हात उजव्या अंगास गेलेला मी काठावरून पाहिला. मणी ओढला. पुन्हा ओढला. फळी त्यांनी सोडून दिली होती. कापड सुटत नव्हते. मी "सोडा! फौजी, सोडा!" असे ओरडत भिंतीवरून धावलो; जणू काय करावयाचे ते त्यांना मी सांगावयास हवे होते. एका फुटणाऱ्या लाटेखाली त्यांनी बुडीही मारली, परंतु वावडीने त्यांना वर खेचले आणि पुढच्या लाटेच्या तोंडी दिले.

माणसे गोळा होऊन त्यांना वर काढीपर्यंत काही उरले नव्हते. मी पट्ट्याशी बसलो. गाठ जशीच्या तशी होती. सूत भिजून, फुगून तिच्यात रुतले होते. वहिनींनी मारली होती साधीच गाठ. पाण्याने तिची निरगाठ केली. मी ती दातांनी तोडली आणि सूत खिशात घातले. वहिनी येण्यापूर्वी. पुढे माहुलीच्या संगमावर ते पाण्यात सोडले. विचारणाऱ्यांस मी एवढेच सांगितले की गाठ भिजून आवळली. हे असत्य नव्हते, आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

तरीही वारा पश्चिमेचा असला की कचेरीबाहेरच्या माझ्या ताडपत्रीचे दोर करकरतात, आणि माझा हात आपोआप उजव्या अंगास जातो.

वहिनी सांगलीकडे, सासरच्या गावी राहावयास गेल्या. मिरजेस काही काम निघाले की मी त्यांना भेटून येतो. एका भेटीत चहाचा कप पुढे ठेवून त्यांनी विचारले, "भावजी, त्या दिशी मी त्यांच्या पट्ट्याला सूत बांधलं हुतं. शेवटाला ते हुतं का हो अंगावर?"

"नव्हते, वहिनी," मी म्हणालो. "पाण्यात सुटून गेले असावे."

त्यांनी चुलीतले लाकूड आत सारले.

"तरीच," त्या म्हणाल्या. "बांधतानाच मला वाटलं हुतं. निरगाठ मारायला पायजे हुती."

निघताना त्यांनी घरच्यांसाठी बेदाण्यांची पुडी दिली. तिच्याभोवती दोऱ्याचे वेढे देऊन त्यांनी वर निरगाठ मारली, आणि ती बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिले. ती पुडी माझ्या फडताळात आहे. मी ती अद्याप सोडलेली नाही.